चिरेखाणीतला मंगळ : खिशात पैसे नसताना विज्ञानपट कसा आखायचा आणि त्यासाठी माणसं कशी शोधायची

पहिल्या फिल्मसाठी आम्ही थर्माकोलचं कंट्रोल पॅनेल बनवलं होतं. दोन महिने, साडेअकरा हजार रुपये, दिवाळीच्या माळांमधून काढलेले दीडशे एलईडी आणि जुन्या कीबोर्डांची उपटलेली बटणं. पडद्यावर ते जेमतेम चौदा सेकंद दिसलं आणि त्या चौदा सेकंदांत हॉलमध्ये हशा पिकला. फिल्म शोकांतिका होती.

दुसऱ्या वेळी पैसेच नव्हते. मावसभावाचं जरबेराच्या फुलांचं पॉलिहाऊस होतं, पाठीवरचा फवारणी पंप होता आणि मेस चालवणाऱ्या एक काकू होत्या. काकू दारातून आत येतात, चपला काढतात, मान न वळवता भिंतीवरच्या मीटरवर नजर टाकतात आणि आतल्या पोराला म्हणतात, “हवा कमी झालीय रे. आधी जेवून घे.” या वेळी कुणी हसलं नाही. ते मीटर म्हणजे बोअरच्या जुन्या स्टार्टर पेटीतून काढलेला अँपिअरचा काटा होता आणि तो हलतही नव्हता.

यंत्राची सवय झालेला माणूस दिसला, की यंत्र खरं वाटतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून यात कॅमेऱ्यापेक्षा माणसांबद्दल जास्त लिहिलंय.

आधी यादी, मग गोष्ट

आपल्याकडे साधारण काय होतं? एखाद्या रात्री कल्पना सुचते, महिनाभर संहिता लिहिली जाते आणि मग ‘यानाचं काय करायचं’ यावरून ग्रुपमध्ये भांडणं लागतात. हा क्रम उलटा करा. वहीच्या एका पानावर तीन रकाने पाडा: जागा, वस्तू, माणसं. त्यात एका फोनवर मिळेल तेवढंच लिहा. ‘बघू, करू काहीतरी’ म्हणणाऱ्या मित्राची गाडी त्यात धरू नका.

आमच्या पानावर होतं ते असं: पॉलिहाऊस (जुनी झाडं काढून नवी लावेपर्यंत तीन आठवडे मोकळं), मोबाइल दुरुस्तीचं दुकान (सोमवारी बंद), मे महिन्यातली शाळेची प्रयोगशाळा, दोन फवारणी पंप, द्राक्षबागेत औषध मारताना घालायचे दोन पांढरे सूट, बारा क्रेट. या पानाकडे बघत बसलो तेव्हा लक्षात आलं की जरबेरासाठी बाहेरून लाल माती आणून वाफे केलेले असतात. वर दुधी प्लास्टिक, खाली रिकामे लाल वाफे. मंगळावरची वस्ती, जिचं पीक गेलंय. गोष्ट तिथून निघाली. आम्ही ती शोधायला गेलो असतो तर सापडली नसती.

पॉलिहाऊसचा आणखी एक फायदा कुणी सांगत नाही. ते प्लास्टिक ऊन गाळून देतं, त्यामुळे चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत. लाइट भाड्याने आणायचे पैसे वाचतात. दुपारी बारानंतर मात्र आत भट्टी होते, त्यामुळे तिथलं काम सकाळी दहाच्या आत उरकावं लागतं.

एकच अशक्य गोष्ट

तुमच्या कथेत वास्तवात नसलेली गोष्ट एकच असावी. माणसं मंगळावर राहतात, एवढं पुरे. तिथे त्यांना मनातलं ऐकूही येतं आणि काळही मागे फिरतो, असं नको. प्रत्येक नव्या नवलाईला पडद्यावर पुरावा द्यावा लागतो आणि पुरावा म्हणजे खर्च.

ज्यांनी हे करून दाखवलं त्यांची उदाहरणं माहीत असावीत. शेन कॅरुथ या गणित शिकलेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने ‘प्रायमर’ सुमारे ७,००० डॉलरमध्ये केला. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि एक मुख्य भूमिका त्याचीच. २००४ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यातलं कालयंत्र म्हणजे गोदामातलं एक मोठं खोकं. जेम्स वॉर्ड बर्किटने ‘कोहिरन्स’ (२०१३) स्वतःच्या घरात पाच रात्रींत शूट केला. नटांना पूर्ण संहिता नव्हती, रोज प्रत्येकाला फक्त आपापल्या सूचनांची चिठ्ठी मिळायची. आणि मराठी माणसाला सगळ्यात जवळचं वाटेल ते उदाहरण जपानचं आहे. क्योतोच्या ‘युरोप किकाकू’ या नाटकमंडळीने २०२० मध्ये एक कॅफे, वरची खोली आणि दोन पडदे एवढ्यावर ‘बियाँड द इन्फिनिट टू मिनिट्स’ उभा केला, तोही मोबाइलवर. वरच्या खोलीतला पडदा दोन मिनिटं पुढचं दाखवतो, बस्स. बाकी सगळं एकत्र तालमी केलेल्या नटमंडळींच्या वेळेवर उभं आहे. तालमी करणारी मंडळी आपल्याकडे तालुक्या-तालुक्याला आहेत.

छापून आलेली एखादी मराठी विज्ञानकथा घ्यायचा मोह होईल. घ्या, पण लेखी परवानगी काढून. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. जयंत नारळीकर २०२५ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या कथा २०८५ संपेपर्यंत मोकळ्या नाहीत. ‘आम्ही कुठे पैसे कमावतोय’ ही सबब इथे चालत नाही.

अशक्य गोष्ट ठरली की तिचे नियम एका पानावर लिहून काढा. काय होतं, काय होत नाही, किती वेळ, कुणाला माहीत आहे. हे पान प्रेक्षकासाठी नसतं. तालमीत नट विचारतो, “हवा बंद पडली तर आपण किती वेळ जगतो?” तेव्हा तुम्ही ‘अं… साधारण…’ केलंत, तर त्याच्या डोळ्यांतली भीतीही साधारणच राहते.

मराठीत भविष्य कसं बोलतं

“कॅप्टन, आपल्या ऊर्जाकवचाची क्षमता क्षीण होत आहे.” हे वाक्य कितीही चांगल्या नटाला द्या, ते दुपारी टीव्हीवर लागणाऱ्या डब सिनेमासारखंच ऐकू येणार. कारण यंत्रांबद्दल आपण असं कधीच बोलत नाही. आपण म्हणतो: लाइट गेली, रेंज नाही, मोटर बसली, गाडी उचलत नाही, फेज उडाला. बिघाडाची आपली भाषा फार समृद्ध आहे. लोडशेडिंगने ती घडवलीय. मंगळावरचं हवेचं यंत्र बंद पडलं तर तिथला मराठी माणूस ‘प्राणवायू निर्मिती खंडित झाली’ म्हणेल की ‘हवा बसली’ म्हणेल?

म्हणून आपल्या यंत्राला घरातलं नाव द्या. आमच्या संदेश पाठवणाऱ्या उपकरणाचं संहितेतलं नाव सात अक्षरी संस्कृत होतं. पहिल्याच वाचनात काकूंनी त्याला ‘पेटी’ म्हटलं आणि ते तसंच राहिलं. पेटी उघड, पेटी लागत नाही, पेटीत काही आलं का? पृथ्वीवरून निरोप यायला वीस मिनिटं लागतात हे समजावणारा एक अख्खा परिच्छेद आम्ही कापला आणि त्याजागी एक वाक्य आलं: “आत्ता विचारलंस तर जेवण होईपर्यंत उत्तर येईल.” (पृथ्वी-मंगळ अंतरानुसार एका बाजूचा वेळ साधारण ३ ते २२ मिनिटं असतो, तेव्हा हे वाक्य विज्ञानालाही धरून आहे.)

बोलीचंही तसंच. नागपूरचा माणूस मंगळावर गेला म्हणून ‘काहून’ म्हणायचं सोडणार नाही. संवाद प्रमाण मराठीत लिहा, पण नट मिळाला की त्याच्या बोलीत फिरवून घ्या. दोन पात्रं सख्खी भावंडं असतील तर मात्र दोघांची बोली एकच लागेल. हे निवडीच्या वेळी विसरलं जातं आणि एडिटला लक्षात येतं.

लांबी बारा ते पंधरा मिनिटं. दोन जागा, तीन-चार माणसं. पहिल्याच फटक्यात दोन तासांचा सिनेमा करायचा हट्ट असेल, तर त्याच गोष्टीचा एक प्रसंग आधी करून पाहा. निम्मी मंडळी दुसऱ्या दिवशी येत नाहीत, हे त्यातून लवकर कळतं.

परग्रह कुठे मिळतो

विज्ञानपट म्हटलं की प्रत्येकाला लोणार आठवतं. उल्कापाताने बसाल्टमध्ये झालेलं, साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, मोह होणारच. पण ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि वन खात्याच्या परवानगीशिवाय तिथे ट्रायपॉड उघडणं म्हणजे दिवस वाया घालवणं. शिवाय काठावरून घेतलेला शॉट सहलीच्या व्हिडिओसारखाच दिसतो. खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, त्यांच्यासमोर नट उभा करावासा वाटतो. तेही नको. मोबाइलसारख्या उपकरणांच्या लहरींचा तिथल्या निरीक्षणांना त्रास होतो.

कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर तुमचा मंगळ घराजवळ आहे: चिरेखाण. यंत्राने कापलेल्या जांभ्याच्या सरळ लाल पायऱ्या, मध्ये मोकळं अंगण, झाड नाही, तार नाही. कॅमेरा खाली ठेवला की आभाळ आणि लाल भिंत एवढंच दिसतं. ताजी कापलेली खाण निवडा. दोन-तीन पावसाळे गेले की दगड काळवंडतो. मालकाला विचारा, कामाची सुट्टी कधी ते विचारा, आणि कडेला कठडा नसतो हे लक्षात ठेवून माणसं उभी करा. पाणी साचलेल्या खाणीत कुणालाही उतरवू नका, पोहता येत असलं तरी. पावसाळ्यात हा पर्यायच नाही. मे महिन्यात सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि साडेचारनंतर, एवढंच काम होतं. मधल्या वेळात जांभा तापून तळपाय भाजतात.

देशावरच्यांसाठी पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आहेत. पाण्याने आणि गोट्यांनी घासून कोरलेला काळा खडक जवळून पाहिला तर पृथ्वीवरचा वाटत नाही. रविवार आणि यात्रेचे दिवस टाळा, खडकाच्या कडेपासून लांब राहा. याशिवाय बेदाण्याची रिकामी शीतगृहं, लायब्ररीचं तळघर, साखर कारखान्याची बंद पडलेली वसाहत, रात्रीचा पेट्रोल पंप. आपल्या गावात रोज दिसणारी जागा परग्रह होऊ शकते, हे पटायला तिथे पहाटे पाच वाजता जावं लागतं.

जागा पाहायला जाताना शूटिंगच्याच वेळेला जा आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसा. बोअरची मोटर, लग्नाचा डीजे, क्रिकेट, काकड्याचा भोंगा. आवाजामुळे आमचा एक अख्खा प्रसंग गेला, कारण आम्ही जागा गुरुवारी पाहिली आणि शूट केलं आठवडे बाजाराच्या दिवशी.

परवानगीचं थोडक्यात: खाजगी जागेसाठी मालकाची सही असलेलं साधं पत्र, गावात असाल तर ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला तारीख, वेळ, माणसांची यादी दिलेलं पत्र, पोच घेऊन. रेल्वे स्टेशन, संरक्षित किल्ले, जंगल यांच्या परवानग्यांच्या मागे बिनपैशाच्या फिल्मने लागू नये. ड्रोनही नको. आणि हे खास विज्ञानपटवाल्यांसाठी: वायरी लोंबणारी, लुकलुकणारी पेटी घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरू नका. आमची पेटी एका स्टेशनवर सामान तपासणीच्या यंत्रातून गेली आणि पुढचा दीड तास आम्ही फिल्मची कथा सांगत होतो, तीही अगदी सविस्तर. तेव्हापासून सेल काढून, वेगळ्या पिशवीत, वर ‘नाटकाचं साहित्य’ असं लिहून नेतो.

पैसे नाहीत म्हणजे किती नाहीत

शून्य रुपयांत फिल्म होत नाही. आमचा दोन दिवसांचा, अकरा माणसांचा खर्च असा होता: जेवण, नाश्ता, चहा ६,२००, पेट्रोल आणि एसटी २,४००, हार्ड डिस्क ३,८००, सेल, टेप, रंगीत जिलेटीन ९००, कॉलर माइकचं भाडं १,०००, आयत्या वेळचं १,५००. एकूण १५,८००. यातली काटकसर कशात करायची ते तुम्ही ठरवा, पण जेवणात करू नका. फुकट काम करणारा माणूस दुपारी दीड वाजता काय मिळतं यावरून ठरवतो की उद्या यायचं की नाही. पोहे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ दिलेत तर तो येत नाही, आणि तो बरोबर असतो.

‘नफा झाला तर वाटून घेऊ’ असं कुणालाही सांगू नका. नफा होत नाही आणि वाक्य मात्र लक्षात राहतं.

माणसं कुठे शोधायची

पहिलं उत्तर एकांकिकावाले. पुण्यात कॉलेजच्या मुलांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, आणि आता जवळपास प्रत्येक जिल्ह्यात कुठली ना कुठली स्पर्धा असते. या मुलांना पाठांतर, वेळ, तालीम, उपाशीपोटी थांबणं सगळं येतं. फक्त स्पर्धेच्या दिवसांत त्यांच्याकडे जाऊ नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती तालमीत बुडालेली असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा. हौशी राज्य नाट्य स्पर्धेतल्या पन्नाशीच्या कलाकारांना मात्र लोक विचारतच नाहीत. विज्ञानपटात सगळे पंचविशीचेच का असतात, हे मला न सुटलेलं कोडं आहे. भविष्यात सासवा नसतात का?

दुसरं उत्तर: ज्यांचे हात यंत्राला सरावलेत अशी माणसं. एसटीचा कंडक्टर तिकिटाच्या मशीनकडे न बघता प्रवाशाशी बोलत तिकीट काढतो. तुमच्या कथेतलं उपकरण असंच हाताळलं गेलं पाहिजे. आयसीयूतल्या नर्स, पिठाच्या गिरणीवाले, लॅबचे शिपाई, मोबाइल दुरुस्त करणारी पोरं. भजनी मंडळातला माणूसही चांगला निघतो, कारण त्याला दुसऱ्याचं ऐकून आपलं धरायची सवय असते.

जाहिरात साधी आणि खरी लिहा. आमची अशी होती:

“मराठी शॉर्टफिल्म, १४ मिनिटं, विज्ञानकथा. पाहिजेत: ४५ ते ६० वयाची एक स्त्री, २० ते २५ वयाचा एक तरुण, फक्त आवाजासाठी एक व्यक्ती, वयाची अट नाही. मानधन नाही. प्रवासखर्च व जेवण आमच्याकडून. शूटिंग १७ व २४ मे, पहाटे साडेपाच ते संध्याकाळी सहा. त्याआधी चार रविवार तालीम. निवड शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी ११ ते २. सोबत कुणालाही आणू शकता. अनुभव नसला तरी चालेल, वेळ पाळणं जमलं पाहिजे.”

‘मानधन नाही’ हे तिसऱ्या फोनला सांगायची गोष्ट नाही, वरच असू द्या. निवड कधीही कुणाच्या फ्लॅटवर किंवा लॉजच्या खोलीत करू नका. शाळा, वाचनालय, मंडळाचं ऑफिस चालेल. दार उघडं आणि तुमच्या बाजूने किमान एक बाई हजर. एखाद्या मुलीचे वडील कोपऱ्यात पेपर वाचत बसले तर त्यांनाही चहा द्या. आमच्या फिल्ममधला आवाज शेवटी अशाच एका वडिलांचा आहे.

निवड करताना काय पाहायचं

स्वगत म्हणायला लावू नका. एकांकिकेतल्या प्रत्येकाकडे एक रडण्याचं स्वगत तयार असतं आणि त्यातून आपल्याला लागणारं काहीच कळत नाही. त्याऐवजी मी पुढच्या गोष्टी करून घेतो, प्रत्येकाला वीस मिनिटं देऊन.

एक बिघडलेला टीव्हीचा रिमोट हातात देतो. “हे तुम्ही बारा वर्षं रोज वापरताय. वापरा आणि माझ्याशी बाजारभावाबद्दल बोला.” निम्मे लोक रिमोटकडे कौतुकाने बघतात. ते बाद नाहीत, पण त्यांना वेळ लागेल. जो मधेच तो तळहातावर आपटून सेल नीट बसवतो आणि बोलणं तोडत नाही, त्याच्या नावापुढे मी खूण करतो. मग त्याच रिमोटसाठी: “आज त्यावर पहिल्यांदाच काहीतरी वेगळं दिसलंय.” इथे डोळे मोठे करणारे खूप. काकूंनी काय केलं? रिमोट पदराला पुसला आणि परत पाहिला.

नंतर नजर. भिंतीवर चिकटपट्टीचा तुकडा लावतो आणि तिघांना एकदम सांगतो, की तिथून काहीतरी हळूहळू उजवीकडे सरकतंय. तिघांच्या नजरा एकाच वेगाने सरकल्या पाहिजेत. न दिसणारं दाखवायचं असतं तेव्हा हेच आपलं स्पेशल इफेक्टचं खातं. एकट्याला हे जमतं, गटात जमत नाही, असे लोक असतात. म्हणून ही चाचणी एकट्याची घेऊ नका.

तिसरं, कठीण वाक्य हातातल्या कामासोबत. लसूण सोलायला देतो आणि म्हणायला लावतो: “दाब सातशेच्या खाली गेला की बाहेरचं दार आपोआप बंद होतं, मग आतून उघडत नाही.” लसूण थांबला तर वाक्य पाठ आहे पण आपलं झालेलं नाही.

शेवटचं, ऐकणं. समोरचा नुसता आकडे वाचतो आणि या व्यक्तीने काही न बोलता ऐकायचं. कॅमेरा तिच्यावर. फिल्ममधला निम्मा वेळ कुणीतरी ऐकतच असतं.

हे सगळं ज्या मोबाइलवर फिल्म करणार त्याच मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि घरी जाऊन आवाज बंद करून पाहा. रंगमंचावरच्या नटाचा आवाज शेवटच्या रांगेसाठी घडलेला असतो. त्याला ‘कमी कर’ म्हटलं की तो पडतो. त्यापेक्षा त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर बसा आणि वाक्य तुमच्या कानात सांगायला लावा. दुसऱ्या वेळी तो बदलला का, हे मी पहिल्या वेळच्या अभिनयापेक्षा जास्त धरतो. सूचना घेणारा मध्यम नट दोन दिवसांत तुम्हाला फिल्म देतो. न घेणारा गुणी नट तुमच्याशी चर्चा करतो.

आता रुक्ष पण महत्त्वाचे प्रश्न. त्या तारखांना लग्न आहे का? परीक्षा? नोकरीत रजा मंजूर झाली की ‘होईल’? दमा किंवा बंद जागेची भीती? (मास्क किंवा सूट असेल तर हे आधीच विचारा.) दाढी-केस त्या तारखेपर्यंत असेच राहतील का? आमचा तरुण नट दोन शूटिंगच्या मधल्या आठवड्यात आजोबा गेल्यामुळे मुंडन करून आला. त्याला काय म्हणणार? आम्ही त्याच्यापाशी बसलो, चहा प्यायलो, आणि उरलेल्या प्रसंगांत सूटची टोपी आली. प्रत्येक मुख्य भूमिकेसाठी दुसरं नाव मनात ठेवा आणि त्या व्यक्तीला तसं स्पष्ट सांगून तालमीला बोलवा.

लहान मूल लागणार असेल तर दोनदा विचार करा. बालकामगार कायद्याच्या नियमांप्रमाणे निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. गोष्ट मुलाशिवाय होत असेल तर तशीच करा.

ज्यांना नाही म्हणायचंय त्यांना त्याच आठवड्यात, नाव घालून, दोन ओळींत कळवा. गाव लहान असतं; पुढच्या फिल्मला हेच लोक लागतात. ज्यांना घेतलं त्यांच्याशी एका पानाचा करार करा: तारखा, भूमिका, मानधन नाही हे, खर्च कोण देणार, श्रेयनामावलीत नाव कसं लिहायचं, चेहरा आणि आवाज वापरायची परवानगी, आणि फिल्मची प्रत कधी मिळणार. मित्राकडूनही सही घ्या. महोत्सवात पाठवताना ती लागू शकते आणि तोवर मित्र कॅनडात असतो.

पेटी घरी नेऊ द्या

पहिलं वाचन कुणाच्या तरी गच्चीवर करा आणि सगळ्यांना प्रश्न विचारू द्या. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला एका वाक्यात देता आलं नाही, तिथे संहितेत भोक आहे.

उपकरण मात्र पहिल्या तालमीच्या आधी तयार हवं. आमची पेटी म्हणजे जुना स्टीलचा डबा, आत मोबाइलचा फुटका डिस्प्ले, वर शिवणयंत्राचं चाक. ती काकूंना आठवडाभर घरी दिली. “शोभेला ठेवू नका, वापरा,” असं सांगितलं होतं. परत आली तेव्हा झाकणाला तेलकट बोटांचे डाग होते, एक कोपरा चेपला होता आणि काकूंना ती डाव्या हाताने, कुशीत धरून, अंगठ्याने उघडायची लकब लागली होती. मला असं दिग्दर्शन सुचलं नसतं. काकू म्हणाल्या, “अरे, तिच्यात चार दिवस मोहरी होती, झाकण फार घट्ट आहे हो तिचं.” डाग पुसले नाहीत.

कपड्यांचंही असंच. चंदेरी कापड आणू नका. फवारणीचा सूट तीनदा धुवा, गुडघ्यांवर लाल माती चोळा, एका खिशाला वेगळ्या रंगाचं ठिगळ लावा. पाठीवरच्या पंपाची कंपनीची पट्टी घासून काढा, नळी खांद्यावरून पुढे घ्या; तो हवेचा सिलिंडर झाला. काचेचं हेल्मेट टाळा: आत वाफ धरते, बाहेर कॅमेरामनचं प्रतिबिंब दिसतं आणि नट गुदमरतो.

कॅमेऱ्यापुढे जाताना

इथे मी भराभर जातो, कारण याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. मोबाइल आपणहून ३० फ्रेमवर असतो आणि ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. एक्स्पोजर (उजेड), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) लॉक. जिथे नंतर काही जोडायचंय तिथे कॅमेरा ट्रायपॉडवर आणि तीच चौकट नटांशिवाय दहा सेकंद वेगळी घ्या. प्रत्येक जागेची शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. जोडकामाला ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्तीही पुरते. नासाची बरीचशी छायाचित्रं हक्कमुक्त असतात, अटी वाचून घ्या. सिनेमातलं गाणं पार्श्वभूमीलाही नको, अगदी दुकानातल्या रेडिओवर वाजलं तरी. रेडिओ बंद करायला सांगा.

प्रसंगांचा क्रम संहितेप्रमाणे न ठेवता उजेडाप्रमाणे लावा, पण सर्वात अवघड अभिनयाचा प्रसंग पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी ठेवा. पहिल्या तासात लोक अवघडलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी थकलेले.

आदल्या रात्रीचा मेसेज

रात्री आठच्या आत, ग्रुपवर, एकाच मेसेजमध्ये: कुठे जमायचं (नकाशाची पिन आणि ‘पाण्याच्या टाकीसमोर’ असं दोन्ही), कुणी किती वाजता, कुणाच्या गाडीत कोण, कपडे काय, नाश्ता कुठे, जवळचा दवाखाना कोणता, आणि फोन कुणाला करायचा. दिग्दर्शकाचा नंबर देऊ नका. एक माणूस फक्त फोनसाठी ठेवा. जो उत्तर देणार नाही त्याला साडेनऊला स्वतः फोन करा. ‘पाहिलं होतं, म्हटलं माहितीच आहे’ असं म्हणणारा एक तरी असतो आणि तोच पहाटे उठत नाही. मेसेजच्या शेवटी ‘चार्जर, पाण्याची बाटली आणि टोपी आणा’ असं लिहा. तरीही दोघं चार्जर विसरतात. दोन जास्तीचे पिशवीत टाका.